स्टाइमी आणि मावशी

माझ्या फोनला हल्ली एक सवय लागली आहे. रोज सकाळी तो मला एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि वापरून दाखवलेलं एक वाक्य देतो आणि मी चहाचा कप हातात घेऊन त्याची परीक्षा घेते. या विषयात माझं शिक्षण एका निवृत्त हवालदाराकडे झालं आहे, त्यामुळे फोनबिनला मी फारसं जुमानत नाही. परवा त्याने 'स्टाइमी' हा शब्द दिला. अर्थ: अडथळा आणणे, पुढे जाऊ न देणे. वाक्य कुठल्याशा कंपनीचं होतं, तिचा प्रकल्प परवानगीअभावी स्टाइमी झाला होता. मी मोठ्यांदा हसले. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे माझं हसणं स्वयंपाकघरापर्यंत एकटंच जाऊन परत आलं.

अडण्यासाठी आपल्याकडे शब्दांची टंचाई नाही. गाडी खोळंबते, फाइल रखडते, पिकाची वाढ खुंटते, बैल अडून बसतो, लग्न लांबतं, शिक्षण राहतं. कोण कशामुळे अडलं ते शब्दातच कळतं. पण सगळी तयारी झाली आहे, वाट सरळ आहे, कुणाचं कुणाशी वैर नाही आणि तरीही पुढे सरकता येत नाही, या अवस्थेला माझ्या माहितीत आपल्याकडे एक शब्द नाही. तो मला सोळाव्या वर्षी देवळाली कॅम्पात मिळाला आणि मी तो मोठ्या ऐटीत घरी घेऊन गेले.

कॅम्पात मी स्वतःच्या हौसेने गेले नव्हते. मला 'सोबत' म्हणून पाठवलं होतं. आमच्या सटाण्याकडे, आणि माझ्या अंदाजाने सगळीकडेच, बाई एकटी राहते म्हटलं की नातेवाइकांना झोप लागत नाही. मग घरातली एखादी मुलगी उचलून तिच्याकडे ठेवून देतात. मुलगा ठेवत नाहीत. मुलाला शिकायला पाठवतात. माझी निमामावशी, आईची धाकटी बहीण, कॅम्पात शिवणकाम करायची. आजीचं अंथरुणातलं आजारपण काढता काढता तिची पस्तिशी उलटली होती, आणि आजी गेल्यावर दिवसकार्य संपायच्या आतच तिच्या सोबतीचा प्रश्न निघाला. मी दहावी पास झालेली होते. आईने एका वाक्यात दोघींचा निकाल लावला. "तुले इंग्रजी येई, तिले सोबत व्हई." म्हणजे मला इंग्रजी येईल आणि तिला सोबत होईल. मावशीला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. एका एसटीच्या टपावर माझी पत्र्याची पेटी आणि कांद्याचं अर्धं पोतं चढलं आणि आम्ही तिघंही, पेटी, पोतं आणि मी, मावशीच्या दारात उतरवले गेलो.

मावशीच्या दोन खोल्या बाजाराच्या मागच्या गल्लीत होत्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत चूल सोडून सगळं, म्हणजे स्टो, मोरी, मावशीची खाट आणि आजीची रिकामी खाट, जी कुणी हलवली नव्हती आणि जिच्यावर आता मी झोपायचे. मशीन सकाळी सुरू व्हायचं. मधूनच लांब डोंगराकडे तोफांचा सराव चालायचा, तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या, फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि मावशी पायडलवरचा पाय थांबवून आवाज जाऊ द्यायची, रस्त्यात एखादं वरातीचं वाजाप जाऊ द्यावं तशी. मग पुन्हा टकटकटक. दिवसभरात तिच्याकडून शब्द म्हणाल तर एवढेच निघायचे: जेव, ये, लाइट घालव. रागीट नव्हती, तुसडी तर नव्हतीच. आजीच्या आजारपणात बोलायची सवय मोडली होती, एवढंच. सटाण्याला आमच्या घरात एकाच वेळी चौघं बोलायचे आणि पाचवा ऐकून न घेता उत्तर द्यायचा. उडदाची डाळ, बाजरीची भाकरी आणि भांडण हे आमचं रोजचं जेवण. इथे डाळ तीच होती, हातही आईच्या हातासारखाच होता, पण घास चावल्याचा आवाज ऐकू यायचा. पहिल्या महिन्यात मी मोरीत तोंड धुताना नळाशी बोलायला लागले.

कॉलेजात परिस्थिती आणखी मजेदार होती. माझ्या वर्गात निम्म्या मुली फौजी अधिकाऱ्यांच्या. त्या आपसात इंग्रजी बोलायच्या, बाकीच्यांशी हिंदी, आणि माझ्याशी काहीच नाही. मी एकदा धीर करून एकीला काही सांगायला गेले, तर तोंडातून 'आहे'ऐवजी आमचं अहिराणी 'शे' निघालं आणि तिला वाटलं मी खोकले. त्या दिवसापासून मी ठरवलं की या पोरींच्या तोंडावर फाडफाड इंग्रजी फेकायचं. मावशीला सांगितलं. तिने तोंडातल्या टाचण्या काढून एवढंच म्हटलं की बेकरीच्या वरच्या मजल्यावर सोनवणे सरांचा क्लास आहे, जा.

सोनवणे सर लष्कराच्या शिक्षण विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. चाळिशीचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट, मिशी कातरलेली. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेली, मूल नाही. खालून पाव भाजल्याचा वास यायचा आणि त्या वासात आम्ही भुकेल्या पोटाने इंग्रजी शिकायचो. आजही कुणी शुद्ध इंग्रजी बोललं की मला भूक लागते. सरांची एक पद्धत होती, जी मी पुढे कुठल्याही शाळेत पाहिली नाही. शनिवारी प्रत्येकाला एक शब्द मिळायचा. तो शब्द पाठ करायचा नाही, वहीत लिहायचा तर अजिबातच नाही. आठवडाभरात तो एका जिवंत माणसावर वापरायचा आणि त्या माणसाने काय उत्तर दिलं ते पुढच्या शनिवारी जसंच्या तसं येऊन सांगायचं. कुत्रा चालणार नाही, आरसा चालणार नाही. सर म्हणायचे, शब्द म्हणजे गोळी, समोर कुणी नसेल तर आवाजच होतो.

माझ्यापाशी जिवंत माणूस एकच होता. पहिला शब्द मिळाला 'फ्रॅजाइल'. मी मशीनपुढे उभी राहून मावशीला म्हटलं, धिस कप इज फ्रॅजाइल, आणि अर्थ सांगितला. मावशीने दाताने दोरा तोडला. म्हणाली, इथं रोज तोफा वाजतात, कप अजून शाबूत आहेत, सरांना सांग. मी शनिवारी हे नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. दाताने दोरा तोडला, मान तिरकी केली, मावशीचा कोरडा आवाज काढला. वर्ग हसून लोळला. पुढच्या वेळी 'रिलक्टंट'. मावशी म्हणाली, म्हणजे नको म्हणायची लाज वाटते म्हणून हळूहळू हो म्हणणारी बाई. पुन्हा वर्ग खूश. सर तर माझ्या नंबराची वाट बघायचे. इतरांचं एका वाक्यात उरकायचं आणि मला विचारायचे, मग? आणखी काय म्हणाल्या? बसून म्हणाल्या की काम करता करता? हसल्या का?

एवढं लक्ष देऊन मला त्या वर्षात कुणी ऐकलं नव्हतं. शनिवार संध्याकाळ माझी होती. त्या तासाभरात मी मोठी नटी होते, मग जिना उतरून पुन्हा गल्लीत आले की पेटी आणि पोत्याबरोबर आलेली मुलगी. आठवडाभर मी मावशीच्या भोवती घुटमळत असायचे, की ती काही बोलेल आणि मला शनिवारचं सामान मिळेल. आणि गंमत म्हणजे ती बोलायला लागली. आधी एक वाक्य, मग दोन. कधीकधी बुधवारीच विचारायची, या वेळचा शब्द काय दिलाय गं?

त्याच सुमारास सरांच्या शर्टांना काहीतरी रोग झाला. त्यांची बटणं गळू लागली. दर आठवड्याला ते एक शर्ट घेऊन दारात उभे राहायचे, उंबऱ्याच्या बाहेर, आणि मावशी उभ्याउभ्याच बटण लावून द्यायची. दोघंही एकमेकांकडे न बघता हवेबद्दल बोलायचे. मी चौकस पोरगी, मी ते धागे पाहिले होते. तुटलेल्या बटणाचा धागा विसविशीत असतो. हे धागे ब्लेडने कापल्यासारखे सरळ होते. मला वाटलं, सरांच्या घरी उंदीर आहेत.

दिवाळी जवळ आली तेव्हा सरांनी वर्गाला सांगितलं की त्यांना बेळगावला एका फौजी शाळेत नोकरी मिळते आहे, जायचं की नाही ते दिवाळीपर्यंत कळवायचं आहे. त्याच शनिवारी मला शब्द दिला, स्टाइमी. टेबलावर त्यांनी खडूचे दोन तुकडे ठेवले आणि डस्टरची कड म्हणजे खळगा. गोल्फमध्ये तुमचा चेंडू इथे, खळगा तिथे, आणि बरोब्बर मधे दुसऱ्याचा चेंडू येऊन थांबलेला. जुना नियम असा होता की तो उचलायचा नाही. एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांनी त्यांना हे शिकवलं होतं. आता नियम गेला, शब्द राहिला. मग खडूकडे बघत म्हणाले, "मधल्या चेंडूचा दोष नसतो. तो बिचारा नुसता तिथं असतो. मावशींना विचार, त्यांच्या वाटेत असं काही आहे का."

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मशीनच्या पाटावर दोन बटणं आणि एक बॉबिन मांडून, कर्नलसाहेबांच्या आवाजात सगळा खेळ समजावून. मग विचारलं, मावशी, तू कधी अशी स्टाइमी झालीस का? सरांनी विचारायला सांगितलंय. मशीन थांबलं. तोफा वाजत नव्हत्या, तरी थांबलं. मावशीने मधल्या बटणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं. मला वाटलं ती ते सरकवणार. तिने सरकवलं नाही.

"सरांना सांग," ती म्हणाली, "मधला चेंडू उचलायचा नाही, हा नियम मला पटला."

वा, काय वाक्य होतं. मी आठवडाभर ते घोकलं. शनिवारी उठले, टेबलावर बोट ठेवलं, बराच वेळ तसंच ठेवलं, मग मावशीचा आवाज काढून वाक्य टाकलं. पोरं हसली, कारण मी उठले की हसायचं अशी त्यांना सवय होती. सर हसले नाहीत. 'मग?' म्हणाले नाहीत, 'आणखी काय म्हणाल्या?' विचारलं नाही. त्यांनी डस्टर उचलून फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. कोरा फळा नीट पुसून झाल्यावर म्हणाले, आज एवढंच.

मी जिना उतरले. बेकरीतून ताजा पाव घेतला, गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथेच उभी राहिले. सर माझ्याकडे बघत होते ते मला बघत नव्हते. इतके शनिवार ते माझ्यातून मावशीला ऐकत होते, आणि मावशीसुद्धा माझ्याशी बोलत नव्हती, माझ्यातून त्यांच्याशी बोलत होती. मी मधली तार होते. हे कळल्याचं दुःख मला आधी झालं, हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण सोळाव्या वर्षी माणूस आधी स्वतःसाठी रडतो. मग पाव गार होत गेला तसं दुसरं कळलं. मावशीच्या वाटेत होतं कोण? आजी गेली होती. सटाण्याची माणसं सटाण्याला होती. त्या दोन खोल्यांत मावशी सोडून एकच जिवंत माणूस राहत होता.

मावशी डाळीला फोडणी देत होती. मी दारातूनच म्हटलं, मी सटाण्याला परत जाते. तिने फोडणी डाळीत ओतली. गाळणं धुतलं, हात पुसले.

"जाऊन काय करशील? कांदे निवडशील? वर्षाच्या आत तुला दाखवायला सुरुवात करतील."

"मग तू लग्न कर. मी राहते इथंच, मागच्या खोलीत."

"तुझी आई ठेवेल तुला, घरात परका पुरुष आल्यावर? दुसऱ्या दिवशी पेटी न्यायला येईल." मग म्हणाली, "तू आलीस ना मंगे, तेव्हा मला फार राग आला होता. आई गेली, आता जरा मोकळं बसेन म्हटलं, तर तू दारात. आता नाही येत राग. बारावी कर. जेव."

एकदम एवढं ती त्यापूर्वी बोलली नव्हती आणि ते सगळं फक्त मला उद्देशून होतं. मी जेवले. डाळ खारट झाली होती, दोघींनी ती संपवली.

सर दिवाळीनंतर बेळगावला गेले. जाताना एक शर्ट घेऊन आले, सगळी बटणं जागच्या जागी. मावशीने शर्ट हातात घेतला, उलटापालटा केला, आणि एक बटण मुळात घट्ट होतं तेच पुन्हा घट्ट केलं. बेकरीच्या वर कुणी टायपिंगचा क्लास काढला. आमच्या घरात पुन्हा जेव, ये, लाइट घालव सुरू झालं. फरक एवढाच होता की आता त्या शांततेत काय आहे ते मला माहीत होतं, आणि माहीत असलेली शांतता जास्त जड असते. मी बारावीचा अभ्यास केला. इंग्रजी बोलायलाही शिकले, पण तोवर त्या फौजी मुलींच्या वडिलांच्या बदल्या झाल्या होत्या, तेव्हा फाडफाड फेकायला समोर कुणी उरलं नाही.

बारावीला चांगले मार्क पडले आणि मी जाहीर केलं की पुढचं कॉलेज नाशिकला, राहणार वसतिगृहात. कॅम्पातून नाशिक म्हणजे बसने तासाभराच्या आतला रस्ता. आई सटाण्याहून भांडायला आली. मी माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट भूमिका केली, म्हणजे वाईट माणसाची. म्हटलं, मावशीच्या मशीनचा आवाज मला सहन होत नाही, डोकं उठतं, अभ्यास होत नाही.

"दोन वरीस आवाज उना नही," आई म्हणाली, "आते येस का तुले?"

म्हटलं, दोन वर्षं नाही आला, आता येतो. आई मावशीसमोर मला कृतघ्न म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. मावशी शिवत होती. तिने माझी बाजू घेतली नाही आणि खोडूनही काढलं नाही. फक्त मशीनचा वेग वाढवला, की आईला वाटावं, हो, आवाज आहे खरा. त्या कडकडाटात मला एकदाच तिच्याकडे बघायचं धाडस झालं. ती खाली मान घालून एका सरळ कापडावर नुसतीच शिलाई घालत होती, कशालाही न जोडणारी. आता दुसरी सोबत कुठून आणायची, यावर घरात खूप खल झाला, पण माझ्या पाठीवर दोन भाऊच होते, आणि भाऊ म्हणजे शिकायला पाठवायची वस्तू. मावशी एकटी राहिली. सटाण्यात पुढची कित्येक वर्षं माझं नाव त्या पोरीचं उदाहरण म्हणून निघायचं जिने मावशीला टाकलं. मी खुलासा केला नाही. खुलासा केला असता तर मावशीला कुणी ना कुणी पुन्हा सोबत पाठवलीच असती.

वसतिगृहात आम्ही एका खोलीत चौघी होतो आणि रात्रंदिवस बडबड चालायची, तरी त्या वर्षाइतकी एकटी मी नंतर कधी नव्हते. दर रविवारी कॅम्पात जायचे, मावशीच्या हातचं जेवून संध्याकाळी परत. सरांना काही कळवलंस का, असं मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या त्यानंतरचा एक रविवार. मी बाजाराच्या बाजूने गल्लीत शिरले, दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही. मावशीच्या खिडकीपाशी पोचले आणि पाय थांबले. आतून मावशीचा आवाज येत होता. मशीन बंद होतं आणि ती बोलत होती. एक वाक्य, दोन वाक्यं नव्हे, न थांबता, भराभरा, एका गोष्टीतून दुसरीत शिरत, सटाण्याच्या आमच्या घरात बोलतात तशी. आजीच्या शेवटच्या दिवसांचं काहीतरी सांगत होती, मग मधेच कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं, मग स्वतःच हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. थोडं नाकातून येतं, माझ्यासारखंच. मधे एक पुरुषाचा आवाज फक्त म्हणायचा, मग? आणखी?

माझा हात कडीपर्यंत गेला होता. मी तो खाली घेतला. खिडकीखाली थोडा वेळ उभी राहिले, अभिनयाची एवढी हौस असलेली मी, आणि त्या नाटकात मला भूमिका नव्हती, हे बघून मला इतका आनंद झाला आणि इतकं पोरकं वाटलं, की दोन्ही एकदम कसं झालं हे मला अजून सांगता येत नाही. मग आवाज न करता वळले आणि नाशिकची बस धरली. त्या दिवशी वसतिगृहाची मेस बंद होती. शेंगदाणे खाऊन झोपले.

पुढे त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, सटाण्यात वादळ झालं आणि शमलं, सर बेळगाव सोडून परत आले आणि बरीच वर्षं सुखाने भांडले, ते सगळं नंतरचं. सर आता नाहीत. मावशी आहे, सत्तरी ओलांडलेली, आणि फोनवर इतकी बोलते की मला मधे शिरायला जागा मिळत नाही. पण मला सांगायचा आहे तो खिडकीखालच्या त्या रविवारनंतरचा रविवार. मी गेले तेव्हा मावशी एकटीच होती, घर झाडलेलं, डाळ तयार. तिने वाढता वाढता विचारलं, मागच्या रविवारी आली नाहीस ती?

"ताप होता," मी म्हटलं.

ती डाव तसाच पातेल्यात ठेवून माझ्या जवळ आली, हात पदराला पुसला, आणि आठवडाभर जुना तो ताप बघायला तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आहे अजून थोडा," ती म्हणाली, आणि हात काढला नाही.